एक ओटा, दोन ताटं आणि वर गच्ची (नाशिक)

गच्ची_इंदिरानगर

रामराम मंडळी,

बायको जैन, आणि नुसती नावाला नाही, पाळणारी. मी चांदवडकडचा, रविवारी मटण शिजलं नाही तर रविवार आहे हेच पटत नाही. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत पत्रिकेपेक्षा जास्त चर्चा ताटावर झाली होती. आता संसार मार्गी लागलाय. भांडणं होतात, पण जेवणावरून नाही. धागा काढायचं कारण वेगळं आहे: यंदा गच्ची हाताशी आली आहे आणि पाऊस लागायच्या आत कुंड्या भरायच्या आहेत. अशा घरात काय लावावं ते सांगा. तुमच्याकडेही दोन तऱ्हांचं खाणारी माणसं असतील तर ओटा कसा सांभाळता तेही लिहा. आधी आमची पद्धत सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल.

तिला न चालणाऱ्या गोष्टी: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं, ओली हळद. वांगं नाही, कारण बियाच बिया. फ्लॉवर नाही, कारण आत अळी असते. मोड आलेलं कडधान्य नाही. रात्रीचं उरलेलं सकाळी नाही. सूर्य मावळला की जेवण बंद, पाणीसुद्धा बंद. सुंठ आणि हळदीची पूड मात्र चालते, वाळलेली म्हणून. शेंगदाणाही चालतो, त्यामुळे घरात कुटाचा डबा कधी रिकामा नसतो.

मला न चालणाऱ्या गोष्टी: काही नाही.

आमचा नियम एकच. दोन स्वयंपाक करायचे नाहीत. स्वयंपाक एकच करायचा आणि फाटा अगदी शेवटी फुटू द्यायचा. सुरुवातीला आम्ही दोन शेगड्यांवर दोन भाज्या लावायचो. त्यात दोघंही दमायचो आणि वर एकमेकांच्या भांड्यांवर पहारा. आता भाजी तिच्या नियमाने शिजते, माझं जे काही असेल ते वरून पडतं.

मिसळीचंच सांगतो. मटकी चार-पाच तास भिजवायची आणि मोड यायच्या आत कुकरला लावायची. कांदा नाही तर रश्श्याला अंग कशानं येणार, हा पहिला प्रश्न. आम्ही दुधी सोलून शिजवतो आणि रवीनं घोटतो. त्याला स्वतःची चव फारशी नसते, मसाला मुकाट्यानं धरतो आणि रस्सा पाणचट होऊ देत नाही. सुकं खोबरं किसून काळपट होईतो भाजायचं, उतरवताना त्यात तीळ, धने वेगळे भाजून. सगळं आधी कोरडं वाटायचं, मग पाणी घालून पुन्हा. तेल सढळ हातानं. हिंग फोडणीत आणि चिमूटभर उकळीच्या वेळी, सुंठही तेव्हाच. तर्री येते, शंका नको.

ती सूर्यास्ताच्या आत वाटी घेऊन बसते, पापड चुरून. मी आठ वाजता फोडणीची पळी गॅसवर ठेवतो. तेल, ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की गॅस बंद, मग लाल तिखट (आधी घातलं तर जळतं), आणि तसंच चर्रकन माझ्या वाडग्यात. वर कांदा, लिंबू. आमच्या दोघांच्या मिसळीतला फरक एवढ्या पळीभरच.

पळी, एक पातेलं, एक कढई, सुरी आणि कापायची फळी ही माझी मालमत्ता. मुक्काम बाल्कनीतल्या कपाटात. कांद्याची टोपलीही तिथेच. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांदा घराबाहेर ठेवतो, हे आमच्या चुलत्यांना अजून पचलेलं नाही. मटण मी छोट्या सिलिंडरवर गच्चीवर करतो. तिची हरकत नाही, वासाची मात्र आहे, त्यामुळे वाऱ्याची दिशा बघून.

तर आता गच्चीचं बोला. ऊन सकाळपासून चारपर्यंत पूर्ण. पाणी आहे. माती कुठली भरू?

शेपूची_जुडी

वांगं नाही म्हणजे भरीत नाही? हिवाळ्यात चांदवडचा माणूस भरीत न खाता राहतो?

गच्ची_इंदिरानगर

भरीत होतं ना, मटणाच्याच शेगडीवर. तिच्यासाठी तशाच आचेवर दुधी भाजतो. सालासकट, काडीनं टोचे मारून. धुरकट वास तोच येतो. मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर घालून ठेचलं की वरचढ लागतं. वांग्याची सर येत नाही, पण हे तिला सांगितलेलं नाही.

माती_आणि_मी

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री, पंचवटीत राहते. मातीचं मी सांगते.

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं, कुंडीत डोकेदुखी. ओली असताना चिखल, वाळली की कडेनं सुटते आणि पाणी मधून न मुरता कडेनंच खाली उतरतं. मुळं कोरडी राहतात आणि आपल्याला वाटतं पाणी घातलंय. निव्वळ काळी माती भरू नका. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट महाग वाटलं तर भाताचा तूस घाला, इगतपुरी-घोटी भागातल्या भातगिरण्यांत मिळतो. माती त्यानं भुसभुशीत राहते आणि वजनही कमी होतं. वजन हलक्यात घेऊ नका. वीस लिटरची पिशवी भिजली की पंचवीस किलोच्या आसपास जाते. मोठे ड्रम गच्चीच्या मध्ये नकोत. कठड्यालगत, खाली तुळई असेल तिथे, विटांवर उचलून ठेवा.

आणि कृपा करून चुना घालू नका. लोक 'कॅल्शियम' म्हणून घालतात. आपली माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) साडेसात-आठच्या पुढे. अजून चुना घातला की लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या.

सिडकोची_आजी

हे सगळं वाचून मला हसू आलं बाळांनो. तुम्ही जैन-मराठा म्हणून कौतुक करताय, आमच्या एकाच घरात एकाच जातीत हेच होतं. मी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडली लग्नाआधीच, वडील वारीला जायचे. यजमान सुकटीचे शौकीन. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल होती, तिथं त्यांचं चालायचं. स्वतःच करायचे, स्वतःच भांडी घासायचे. मी सासूबाईंना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मी शिजवणार नाही, शिजवू नका असंही म्हणणार नाही. त्या काळात सुनेनं असं बोलणं सोपं नव्हतं हो.

चातुर्मास लागला की मी कांदा-वांगंही सोडते. आषाढातल्या कांदेनवमीला आमच्याकडे कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, भरली वांगी, सगळं एका दिवसात उरकायचं. मग चार महिने यजमानांना बिनकांद्याचं मिळायचं आणि ते कुरकुरायचे. गच्चीवाल्या, तुझी पळीची युक्ती मला तेव्हा कुणी सांगितली असती तर!

सुनबाईला तिथीच्या दिवशी हिरवी भाजी चालत नसेल ना? मग काय करते?

खरा_खवय्या

एवढी कसरत कशाला? खाण्यात तडजोड करणारा माणूस सगळ्यातच करतो. बायकोला हळूहळू सवय लावा, वर्षभरात खायला लागेल.

सिडकोची_आजी

तुझ्या घरी कोण शिजवतं रे बाबा? तिला लिहायला सांग इथे.

शेपूची_जुडी

आजी 🙏

चिमूटभर_हिंग

नमस्कार. वरच्या गच्चीवाल्याची मी बायको. धागा त्यानं काढला, पण अर्धी माहिती दिली म्हणून आले.

आजी, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नसतंच. त्या दिवशी शेवभाजी, मुगाचे सांडगे, मेथीदाण्याची आमटी, कढी. शेवभाजी तर कांद्यावाचून काही अडत नाही. वर लिहिलंय तेच वाटण आणि जाड तिखट शेव पानात वाढताना टाकायची, आधी टाकली की लगदा. कढीला आमच्याकडे एक पथ्य आहे: कच्च्या दह्यात डाळीचं पीठ कालवत नाहीत. ताक आधी तापवून घ्यायचं, मग पीठ लावायचं. फुटू नये म्हणून ताक मंद आचेवर सारखं ढवळत तापवते आणि पीठ थोड्या पाण्यात कालवून धार लावून सोडते. याला ती कढी इतकी आवडते की त्या दिवशी पळी बाहेर निघत नाही.

आता जो मुद्दा याने लिहिला नाही तो. मागच्या महिन्यात एका नर्सरीतून तयार मातीच्या गोण्या आणल्या. गोणी फोडली तर वेगळाच वास. विचारलं तर म्हणाले, ताई, त्यात हाडांचा चुरा आहे, फुलं भरपूर येतात. मला ते नको. याचं म्हणणं, माती ती माती, शेवटी सगळं त्यातच मिळतं, आणि बाजारातून आणलेल्या दुधीला शेतकऱ्यानं काय घातलंय हे तू विचारतेस का? नाही विचारत. पण जे माझ्या हातानं घालायचं ते मला ठरवता येतं. गोण्या परत केल्या. अंड्याच्या टरफलांवरूनही हेच चाललंय. हा ऑम्लेट खातो आणि टरफलं कुंडीत खुपसायला बघतो. मातीवाल्या ताई, खरंच लागतात का हो?

माती_आणि_मी

ताई, तुमच्या बाजूनं निकाल, आणि तो धर्माच्या कारणानं नाही. टरफलं मातीत लवकर कुजत नाहीत. वर्षानं उकरलं तरी तुकडे तसेच निघतात. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा लोक टरफलं घालतात, पण तो आजार बहुतेक वेळा पाणी अनियमित पडल्यामुळे होतो. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर, असं झालं की झाडाला असलेलं कॅल्शियमसुद्धा फळापर्यंत नेता येत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढ्यानं थांबतं.

हाडांच्या चुऱ्याचंही तसंच. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत सुटतं, आपल्या चुनखडीच्या मातीत ते बरंचसं अडकून बसतं. म्हणजे पैसे घालून उपयोग थोडा. शेंगदाणा पेंड किंवा निंबोळी पेंड वापरा. पेंड भिजवून, आंबवून, पातळ करून घाला, कोरडी टाकली तर मुंग्या आणि उंदीर. फुलासाठी स्फुरद हवंच असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट मिळतं, ते खनिज आहे. सेंद्रियवाले माझ्यावर तुटून पडतील, पडू देत.

वर्मी_वाला

गांडूळखत कसं विसरलात? सगळ्यात बेस्ट.

चिमूटभर_हिंग

गांडूळ पाळायचा म्हटलं की माझ्या मावशीच्या कपाळाला आठ्या. जीव पेटीत कोंडायचे आणि ऊन लागून मेले तर? मला इतकं टोकाचं वाटत नाही, पण आमच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय भट्टी होते ते पाहिलंय, तेव्हा मीही नको म्हटलं. आम्ही जुन्या माठात भाजीचे देठ, सालं आणि वाळका पाला थर देऊन ठेवतो. त्याचे कांद्याचे पापुद्रेही त्यातच जातात. कांदा खाणं वेगळं आणि कांद्याचं खत घातलेला दोडका खाणं वेगळं, एवढी सूट मी घेतली आहे. मावशीला हे माहीत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार

गच्चीवर द्राक्ष लावायचं असेल कुणाला तर आधीच सांगतो. दरवर्षी कुणी ना कुणी नाशिककर फोन करतो, "घरी वेल लावलाय, घड का नाही?"

वेलाला आपल्याकडे दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात काडी तयार होते आणि पुढच्या घडाची सोय त्या काडीतच होते. ऑक्टोबरात गोड्या बहराची छाटणी, तिच्यातून घड बाहेर पडतो. एप्रिलची टाळली तर ऑक्टोबरला नुसती पानं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी, थंडीत भुरी, दोन्ही बुरशीचे रोग. आम्ही फवारे मारून मारून दमतो, तुम्ही गच्चीवर काय करणार? सावलीसाठी वेल लावा, खुशाल लावा. घड आला तर प्रसाद समजा.

तुमच्या घरासाठी वेलभाज्याच बऱ्या. गिलके, दोडका, दुधी, कारलं. दोघांनाही चालतं, मांडवावर चढतं, खाली सावली मिळते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसावर बी टोचा. थंडीत मात्र यांच्याकडून आशा नको. निफाडकडे पारा खाली गेला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, तिथं गिलक्याचं काय घेऊन बसलात. दिवाळीनंतर वाल पापडी, वाटाणा, टोमॅटो, पालेभाज्या.

शेपूची_जुडी

दोडक्याचा माझा अनुभव वाईट आहे. फुलं ढीगभर, दोडका एक नाही. छोटी छोटी पिवळी पडून गळून जातात.

दिंडोरीचा_बागायतदार

परागीभवन होत नाहीये. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माश्या कमी येतात. हातानं करावं लागेल. बारीक दोडकं मागे चिकटलेलं असतं ते मादी फूल, नुसत्या देठावरचं ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. पण वेळ महत्त्वाची. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, सकाळी लवकर करा. दोडक्याचं संध्याकाळी उमलतं. दुधीचंही पांढरं फूल संध्याकाळीच. सकाळी जाऊन दोडक्याला हात लावाल तर फूल मिटलेलं असेल.

चिमूटभर_हिंग

अरे वा! म्हणजे माझ्या जेवणानंतरचा वेळ दोडक्याचा. सूर्यास्ताआधी जेवून झालेलं असतं, याचं आठशिवाय काही नसतं. डिसेंबरात सहाच्या आसपास मावळतो तेव्हा ऑफिसातून धावत येऊन डब्यातलंच खावं लागतं, पण पावसाळ्यात सात-सव्वासातपर्यंत उजेड असतो. मधला वेळ रोज मोबाईलमध्ये जातो.

फळमाशीचं काय करता? ते गंधाचे सापळे मला नको आहेत. नर माश्यांना ओढून मारायचं, ते माझ्याकडून होणार नाही.

माती_आणि_मी

सापळा न लावता चालतं, कष्ट जास्त पडतात. परागीभवन झालं, फळ बोटाएवढं झालं की त्याला पिशवी घाला. कागदी पिशवी पावसात टिकत नाही. जुन्या ओढणीच्या पातळ कापडाच्या शिवा, नाडी घालून. माशी फळावर बसून आत अंडी घालते, तिला जागाच मिळाली नाही की ती दुसरीकडे जाते. किडलेली फळं कुंडीखाली पडू देऊ नका. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, पानाच्या खालच्या बाजूनं. पिठ्या ढेकणासाठी ओलं फडकं घेऊन रोज पुसायचं. निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि साबणाचे थेंब, हे सगळे सुचवतात. तुम्हाला चालेल की नाही ते तुम्ही ठरवा, कारण त्यानंही मऊ अंगाची कीड मरतेच. नुसती पळते असं मी सांगणार नाही.

चिमूटभर_हिंग

खरं सांगितलंत, आभार. मग तेल नाही. फडकं.

गच्ची_इंदिरानगर

फडकं म्हणजे मी.

साखर_कमी

आमचं प्रकरण धर्माचं नाही, रिपोर्टचं. मला मधुमेह, यांचं वजन मुळात कमी, डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय. मी भात मोजून, ते तुपाची धार धरून. पहिले काही महिने मी माझं वेगळं शिजवायचे आणि त्यांच्या ताटाकडे बघत बसायचे. आता आमचाही फाटा शेवटी फुटतो. पेठ-सुरगाण्याकडची नाचणी आणते. भाकरी दोघांनाही तीच, माझी नुसती, त्यांच्या भाकरीवर तूप-गूळ. वरणात पालक किंवा दुधी किसून दोघांनाही. त्यांच्या वाटीत वरून साजूक तूप आणि शेजारी भात. माझ्या पानात आधी काकडी-कोशिंबीर, मग वरण, भाकरी सगळ्यात शेवटी. डॉक्टरांनीच तसा क्रम सांगितला होता. कुंडीत काकडी आणि पालक तेवढे लावले आहेत, बाकी बाजार जिंदाबाद.

गच्चीवाले, तुमच्या दुधीच्या वाटणाची युक्ती मी उचलली. शेंगदाण्याचा कूट कमी पडला तरी रस्सा दाट होतो.

सिडकोची_आजी

नाचणीच्या भाकरीला पीठ उकडून घेतेस ना? नाहीतर थापताना तुटते.

साखर_कमी

हो आजी, उकळत्या पाण्यात.

रानभाजी_हरसूल

मी त्र्यंबकच्या पुढचा. गच्चीत कशाला लावता, पावसाळ्यात डोंगरातून कर्टुली, कुर्डू, टाकळा, फोडशी, शेवळं सगळं बाजारात येतं. आमच्या बाया पहाटे पाटी घेऊन निघतात. तेवढे दोन महिने कुंड्यांना सुट्टी द्या.

चिमूटभर_हिंग

दादा, दुखरी जागा धरलीत. चातुर्मासात आम्हाला पालेभाजी चालत नाही, पावसात पानांवर जीव फार असतात म्हणून. म्हणजे रानभाज्यांचा सगळा हंगाम आमच्या हातून जातो. कर्टुली तेवढी फळभाजी म्हणून मिळते, ती मी किलोनं घेते. बाकीचं हा खातो आणि वर्णन करून सांगतो.

पण याचं गणित आम्ही कुंडीत बसवलंय. आमचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला सुटतो. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात खुडायला येते. म्हणजे कोजागिरीला पेरायची. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास पहिली मेथी ताटात, तीही घरची. चार महिने पान तोंडात नाही आणि मग ती मेथी, नुसती मूगडाळ घालून परतलेली, वर काही नाही. लसूण घातलेली मेथी खाणाऱ्यांना कळायचं नाही.

गच्ची_इंदिरानगर

लसूण घातलेली मेथी खाणारा इथेच बसलाय.

शेपूची_जुडी

तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून धाग्यावर भांडताय का?

गच्ची_इंदिरानगर

ती आत आहे, मी गच्चीवर.

बरं, यादी ठरत आली आहे. जूनमध्ये मांडवावर गिलके, दोडका, दुधी. खाली गवार, भेंडी, मिरची. मिरचीची रोपं घेणार, बाकी बी. कढीपत्ता आहेच. दिवाळीला वाल पापडी, टोमॅटो. मेथी कोजागिरीला, वरून हुकूम आहे. मला स्वतःला एक कुंडी लसणाच्या पातीची हवी आहे. ती कठड्याच्या त्या टोकाला, बाकीच्यांपासून लांब. खुडायची कात्रीसुद्धा वेगळी.

दोन शंका. बटाट्याऐवजी कच्ची केळी लागतात, पावभाजीला, वड्याला. सालासकट वाफवून कुस्करली की काम होतं. गच्चीवर केळ लावावी का? आणि शेवगा?

माती_आणि_मी

केळ नको. पाणी आणि खत भरमसाट पितं, आणि उघड्या गच्चीवर वाऱ्यानं पानांच्या चिंध्या होतात. घडाच्या वजनानं आणि वाऱ्यानं ड्रमसकट कलंडलं तर खालच्या गाड्यांचं काय? बाजारात कच्ची केळी बारा महिने मिळतात.

शेवगा लावा. पीकेएम-१ या जातीची रोपं सहज मिळतात, ती बुटकी ठेवता येतात. किमान शंभर लिटरचा ड्रम. रोप तीन-साडेतीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील, नाहीतर सरळ काठी होऊन पाण्याच्या टाकीच्या वर जाईल. शेंगा संपल्या की निर्दयपणे छाटा. जास्त पाणी त्याला मानवत नाही, पावसात ड्रमच्या भोकांकडे लक्ष ठेवा.

दिंडोरीचा_बागायतदार

गिलक्याचं घरचं बी माझ्याकडे आहे. पंचवटी मार्केट यार्डात गुरुवारी माल घेऊन येतो, ज्यांना हवं त्यांनी मेसेज करा, पुडी बांधून आणीन. संकरित नाही, तेव्हा पुढच्या वर्षी तुमचंच बी धरता येईल. वेलावर एक गिलकं राखून वाळू द्यायचं.

चिमूटभर_हिंग

आम्हाला एक पुडी. आणि दादा, दुधीचंही असेल तर.

दिंडोरीचा_बागायतदार

दुधी नाही. कारलं आहे.

गच्ची_इंदिरानगर

कारलं नको, त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे. गुरुवारी येतो.

मातीवाल्या ताई, ड्रमला भोकं किती आणि कुठे पाडू?

माती_आणि_मी

बुडाला सहा-सात, करंगळी जाईल एवढी, आणि बाजूला तळापासून दोन इंचांवर तीन-चार. बुडाची बुजली तर बाजूची चालतात. आत आधी फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती. आणि रिकामा असतानाच जागेवर ठेवा, भरल्यावर हलणार नाही.